वजन चाकांवर असताना

एवारिस्तो नाउएलपानची गाडी
दिसायच्या आधी ऐकू येते.
तिसऱ्या कुंपणापासूनच: कुईं… कुईं…
जणू मागे कुणी डुकराचं पिल्लू बांधलंय.
माझा कुत्राही आता भुंकत नाही,
नुसता एक कान उचलतो, परत ठेवून देतो.

सत्तावीस वर्षांची ट्रूपर. रंग एकेकाळी हिरवा.
डावं दार मेंढ्यांच्या कुंपणाच्या तारेनं बांधलेलं.
पातागोनियाचा वारा काचेवर इतकी वर्षं वाळू घासतोय
की संध्याकाळी समोर ऊन आलं
तर तो खिडकीतून डोकं काढून चालवतो.

"फेर्मिना," तो म्हणाला, "रस्ता मला मारतो, मारू दे.
मेंढ्या कातरून कमरेतून मी कधीच गेलोय.
पण देल्मिरा."

देल्मिरा पुढच्या सीटवर. मांडीवर उशी, हातात वरची कडी.
आठवड्यातून तीनदा, जाऊन-येऊन दोनशे साठ किलोमीटर खडी,
शहरातल्या त्या यंत्राकडे,
जे तिचं रक्त धुऊन परत देतं.
जाताना सोसतं, म्हणाली.
येताना अंगात काही उरलेलं नसतं,
तेव्हा प्रत्येक खड्डा आत येऊन बसतो.

आधी चाकांतली हवा पाहिली.
पंचेचाळीस पौंड!
पंक्चरच्या भीतीनं टायर दगड करून ठेवलेले.
सोडली, अठ्ठावीसवर आणली. हे फुकट.
मग बॉनेटचा कोपरा अंगाच्या भारानं दाबला आणि हात काढला.
धड शॉकअप एकदा वर येतो, गप्प बसतो.
हा चारदा डोलला,
दारू चढलेल्या व्याह्यासारखा.

शॉकअप बदलायचेच होते, पण कुईं तिथली नव्हती.
आग एकीकडे, बंब दुसरीकडे करून चालणार नव्हतं;
त्यांच्याकडे पैसे एकाच चुकीपुरते होते.
साबणाचं पाणी घेऊन मी खाली आडवी झाले.
एकेका बुशावर फवारा मारायचा,
आणि मागे बंपरवर एवारिस्तो उड्या मारतोय,
बहात्तर वर्षांचा, एका हातानं टोपी धरून.
उजवा वरचा: कुईं.
डावा वरचा: कुईं.
उजवा खालचा:

गप्प.

आत रबर उरलंच नव्हतं.
लोखंड लोखंडाशी बोलत होतं.

काढायला दीड दिवस.
नट तापवला, ठोकला, त्याच्या सात पिढ्या काढल्या,
शेवटी रात्रभर तेल पाजून झोपायला गेले.
सकाळी तो असा सुटला, जणू कधी अडलाच नव्हता.

आणि मग ते,
जे वडिलांनी पहिल्यांदा पाना देताना सांगितलं होतं:
गाडी जॅकवर लोंबत असताना बुशाचा नट आवळू नकोस.
आधी खाली घे. चाकांना जमीन लागू दे,
वजन येऊ दे, मग आवळ.
अधांतरी आवळलेलं रबर
पहिल्याच खड्ड्यात पिळवटून फाटतं.
यापलीकडे ते माझ्याशी फारसं बोलले नाहीत.
पुरलं.

सोमवारी संध्याकाळी तो परत आला.
कुत्र्याला कळलंच नाही.
मीही दचकले: गाडी थेट दारात.
"काय झालं? पुन्हा आवाज?"
"नाही," म्हणाला. "तेच तर."

येताना देल्मिरा झोपली. चार वर्षांत पहिल्यांदा.
डोकं काचेला टेकलेलं, तोंड जरासं उघडं,
आणि गाडीत इतकी शांतता
की त्याचे हात स्टिअरिंगवर गार पडले.
"तीनदा थांबलो. तीनदा तिच्या नाकाशी बोट धरलं.
तिसऱ्यांदा जागी झाली, आणि काय शिव्या घातल्या म्हणून सांगू!"

आम्ही हसलो.
मग तो एकटाच थांबला.
गाडीत ती पुन्हा पेंगत होती, मांडीवरची उशी खाली पडलेली.

त्यानं तार सोडून डावं दार उघडलं.
बिजागरी करकरली, बारीक, सुकी.
झोपेतच तिच्या कपाळाला आठी पडली.
तेलाची कुपी माझ्या हातातच होती.
त्यानं कुपीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी ती फळीवर ठेवून दिली.